धुराड्यावरचें मडकें आणि शिखरावरचा कळस



मार्गशीर्षाची पौर्णिमा जवळ आली, कीं तापीकांठचें सारंगखेडा हें गांव एकाएकीं मोठें होतें. एरव्हीं शहादें आणि दोंडाईचें यांच्या दरम्यान जाणारा-येणारा प्रवासी नदीवरचा पूल ओलांडतांना त्याच्याकडे एकदां पाहतो आणि पुढें जातो. पण दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, आणि मग मारवाडी, काठेवाडी अशा नाना जातींचे घोडे, त्यांचे मालक, दलाल, बघे, मिठाईवाले आणि भांडीवाले यांनीं तो परिसर गजबजून जातो. घोड्यांच्या बाजारासाठीं हें गांव दूरदूरच्या प्रांतांत प्रसिद्ध आहे, आणि त्याविषयीं पुष्कळांनीं लिहिलें-बोललें आहे. मला आज जें सांगावयाचें आहे तें घोड्यांविषयीं नाहीं. पण त्याचा आरंभ मात्र त्या बाजारापासूनच करणें सोयीचें आहे.

जनावरांच्या बाजारांत सौदा कसा होतो हें आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. दोघे जण एकमेकांचा हात धरतात, हातांवर उपरणें किंवा रुमाल टाकतात, आणि त्या रुमालाखालीं बोटांच्या खुणांनीं किंमत ठरते. ही आपल्या मुलखांतील जुनी रीति. भोंवतीं शंभर माणसें उभीं असोत. भाव कळतो तो दोघांनाच. आतां यात्रेंतील भांड्यांच्या दुकानीं जाऊन तांब्याची घागर मागा. तेथें हात झांकलेला नसतो. दुकानदार घागर सर्वांदेखत तराजूंत टाकतो, वजन सांगतो, भाव सांगतो आणि गुणाकार करून आंकडा आपल्यापुढें ठेवतो. घोड्याची किंमत झांकलेली आणि तांब्याची उघडी, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु तांब्याच्या किंमतींतही एक भाग रुमालाखालीं राहून गेलेला आहे, आणि तो पिढ्यानुपिढ्या तसाच राहिला आहे. तो भाग म्हणजे घडविणाऱ्या हाताचें मोल. त्या मोलाचा इतिहास आज आपण पाहूं. आणि उदाहरणासाठीं घागर न घेतां इमारतीवर सर्वांत उंच बसणारी, मापानें घडविलेली तांब्याची टोपी घेऊं. देवळावर असते तेव्हां तिला आपण कळस म्हणतों.

छपरावर टोपी घालण्याची गरज आपल्याकडे नव्हती असें समजूं नये. खानदेशांतील जुनीं घरें पुष्कळदां धाब्याचीं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचीं असत. चुलीचा धूर निघून जावा म्हणून धाब्यांत एक भोक ठेवीत, आणि पावसाची सर आली कीं त्यावर मडकें पालथें घालीत. धूर जाऊं द्यावयाचा, पण पाणी येऊं द्यावयाचें नाहीं, हा प्रश्न जगांतील प्रत्येक चुलीला पडलेला आहे. युरोप-अमेरिकेंत थंडीमुळें घरोघर विटांचीं उंच धुराडीं आलीं, आणि धुराड्याच्या तोंडावर टोपी आली. सधन घरांवर ती तांब्याची असे. प्रत्येक धुराड्याचें माप निराळें घेऊन हातानें घडवावी लागे, आणि असें काम करणारे कारागीर तेथें आजही आहेत. आपल्याकडे थंडी बेताची; धुराड्याला मडकें पुरलें. तांबें चढलें तें देवळाच्या शिखरावर.

या दोन टोप्यांचे हिशेब मात्र अगदीं निराळे होते. मडकें घडविणारा कुंभार हा गांवचा बलुतेदार. धुराड्यावरच्या मडक्याची किंमत त्याला कोणी विचारीत नसे. सुगीला खळ्यावर त्याचा धान्याचा वांटा ठरलेला असे, आणि वर्षाचीं मडकीं त्या वांट्यांतच येत. तांबट मात्र बारा बलुत्यांत नव्हता. त्याचा माल रोज फुटणारा नव्हता; एकदां घेतलेली घागर दोन-तीन पिढ्या पाणी भरी. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, कीं कुंभाराची माती गांवची होती. तांबटाचें तांबें गांवचें नव्हतें. पुढचा सगळा इतिहास या एका भेदांतून निघालेला आहे.

सारंगखेड्याहून तापीच्या प्रवाहाबरोबर खालीं गेलें, कीं तापी आणि गोमाई यांच्या संगमावर प्रकाशा हें तीर्थक्षेत्र लागतें. तेथील पांढरीच्या टेकाडांत १९५५ सालीं बी. के. थापर यांनीं उत्खनन केलें, आणि सर्वांत खालच्या थरांत तीन हजार वर्षांहून जुन्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या खुणा हातीं आल्या. त्या युगाच्या नांवांत तांबें आधीं येतें, दगड मागून येतो. प्रत्यक्ष व्यवहारांत मात्र क्रम उलट होता. रोजचीं पातीं दगडाचीं, भांडीं मातीचीं, आणि तांबें अगदीं जपून वापरावयाची वस्तु. संगमनेराजवळील जोर्वें येथें त्या काळच्या तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार भरींव ओतीव मूर्ति मिळाल्या. चारींचें मिळून वजन साठ किलोंहून अधिक आहे, आणि त्यांतील बहुतेक भाग तांब्याचा आहे. एवढी धातु येथें कोठून आली? दख्खनच्या काळ्या कातळांत तांब्याची खाण नाहीं. संशोधक राजस्थानांतील अरवलीच्या खाणींकडे बोट दाखवितात. म्हणजे आपल्या इतिहासाच्या पहाटेपासूनच तांबें हें परमुलखांतून येणारें धन होतें.

मध्ययुगांतही ही स्थिति पालटली नाहीं. याच तापीच्या मुखाशीं सुरत बंदर आहे. सतराव्या शतकांत सुरतेहून बऱ्हाणपुराला जाणारा व्यापाराचा रस्ता नंदुरबारावरून जाई. त्याच काळीं डच कंपनी जपानांतील तांब्याच्या कांबी जहाजांतून आणून सुरतेला विकीत असे. तेव्हां तांबें यावयाचें तें एक तर विंध्य-सातपुड्यापलीकडून, नाहीं तर समुद्रापलीकडून. शिवाजीमहाराजांनीं आपल्या राज्यांत शिवराई हें जें नाणें पाडलें तेंही तांब्याचें. पैसा तांब्याचा आणि घागरही तांब्याची! घरांतल्या गृहिणीला फडताळावरची तांब्यापितळेची उतरंड म्हणजे सांठवून ठेवलेली पुंजीच वाटे, आणि तें वाटणें यथार्थ होतें. सावकाराच्या दारीं भांडें गहाण पडे, दुष्काळांत तें विकलें जाई, आणि लग्नांत नांव घालून लेकीला दिलें जाई.

यांतूनच तांब्याच्या हिशेबाची ती सुप्रसिद्ध रीति निघाली. भांड्याच्या किंमतीचे दोन भाग : एक धातूचा, दुसरा घडणावळीचा. जुनें भांडें परत नेलें तर कासार तें मोडीच्या भावानें घेई. घट म्हणून थोडें वजा करी आणि बाकीच्या वजनाचे पैसे देई. धातूचें मोल असें पुन्हां पदरांत पडे. घडणावळ मात्र परत मिळत नसे. तेव्हां गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें धातु ही ठेव आणि घडणावळ हा बुडीत खर्च ठरला. शहाणें गिऱ्हाईक धातूच्या भावांत घासाघीस करीत नसे, कारण तो भाव पेठेला ठाऊक असे. तें घासाघीस करी ती घडणावळींत. कारागिराच्या हाताला कमी दाम देणें हाच व्यवहारांतला चतुरपणा ठरला. यांत कोणी दुष्ट नव्हता. धातु दुर्मिळ होती, आणि दुर्मिळ वस्तूच्या तेजांत सुलभ वस्तु दिसेनाशी होते. त्या काळीं हात सुलभ होते.

पेशवाईंत पुणें वाढलें, आणि कोंकणांतून व इतर भागांतून तांबट मंडळी तेथें येऊन वसली. कसबा पेठेंतील तांबट आळी हें त्यांचें ठिकाण. हे लोक आपलें नांव वेदांतील देवांचा शिल्पी जो त्वष्टा त्याच्याशीं जोडतात. घागरी, हंडे, बंब, परातीं, पूजेचीं उपकरणीं आणि देवळांचे कळस हें सर्व त्यांच्या हातचें काम. १८८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत शहरांतील उद्योगांचें वर्णन करतांना तांब्यापितळेच्या धंद्याला मानाचें स्थान दिलेलें आहे. उत्तर महाराष्ट्रांत नासिकची तांबट आळीही अशीच नांवाजलेली. एकोणिसाव्या शतकांत मोठा पालट झाला तो कच्च्या मालांत. पूर्वीं तांब्याची लगड ठोकून-ठोकून पत्रा करावा लागे. आतां विलायतेहून यंत्रांत लाटलेला तयार पत्रा मुंबई बंदरांत उतरूं लागला. तांबटाचे अर्धे कष्ट वांचले. पण त्याबरोबरच त्याच्या हिशेबांतला एक मोठा आधारही गेला. पत्र्याची जाडी आतां तो ठरवीत नव्हता, आणि धातूचा भाव तर त्याच्या पेठेंतही ठरत नव्हता. १८७७ सालीं लंडनांत धातूंच्या सौद्यांचा बाजार स्थापन झाला, आणि तांब्याच्या भावाची नाडी पाहावयाची तर तेथें पाहावी, अशी स्थिति झाली. कसब्यांतल्या कारागिराच्या ताब्यांत राहिली ती एकच वस्तु : त्याचा हात.

आतां हा हात काय करतो, तें कळसाच्या उदाहरणानें पाहूं. कळस हा दुरून एकसंध दिसतो, पण तो अनेक भागांचा असतो. तळाशीं कमळाच्या पाकळ्यांचें पीठ, त्यावर घटाचा गोल, मग मान, मानेवर कंगोरे, आणि सर्वांत वर महाळुंगाच्या फळासारखें निमुळतें टोंक, ज्याला शिल्पशास्त्रांत बीजपूरक म्हणतात. हे आकार नुसते शोभेचे नाहींत. तळचें कमळ शिखराच्या दगडाच्या बाहेर थोडें झुकलेलें असतें तें अशासाठीं, कीं वरून ओघळलेलें पाणी सांध्यांत न मुरतां बाहेर ठिपकावें. वरचें टोंक निमुळतें असतें म्हणून त्यावर पाणी थांबत नाहीं. धुराड्यावरची टोपी करणारा विलायती कारागीर हेच प्रश्न सोडवीत असतो. त्याला फक्त एक अधिक प्रश्न असतो, कीं धुराला वाट ठेवावयाची.

काम असें चालतें. आधीं शिखराच्या माथ्याचें माप घ्यावयाचें आणि जमिनीवरून कळस किती मोठा दिसेल याचा विचार करावयाचा. हातभर कळस अंगणांत ठेवला तर थोर दिसतो. पन्नास फूट उंचीवर तो लिंबाएवढा भासतो. नंतर प्रत्येक भागाचा पत्रा कातरून हातोड्यानें त्याला पोट आणावयाचें. तांब्याचा एक गुण असा आहे, कीं ठोके बसत गेले कीं तें कठीण होत जातें, आणि त्या स्थितींत आणखी ठोकलें तर चिरतें. म्हणून मधून मधून तें लाल होईपर्यंत तापवून पाण्यांत बुडवितात. तें पुन्हां मऊ होतें आणि ठोके सोसूं लागतें. असे ताव किती द्यावे याला मोजमाप नाहीं. हातोड्याचा आवाज बदलला कीं कारागिराला कळतें. आकार आला कीं चिंचेनें घांसून तें उजळ करतात आणि शेवटीं मठारकाम करतात. गुळगुळीत तोंडाच्या हातोड्यानें, लोखंडी ऐरणीवर, एकाशेजारीं एक असे हजारों सारखे ठोके द्यावयाचे. त्यांतून ती चमकती चांदण्यांची नक्षी उमटते. भागांच्या कडांना दांते पाडून ते एकमेकांत बसवितात आणि टाकणखार घालून डाक देतात.

मठार म्हणजे नुसती नक्षी, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. आतांच सांगितलें, कीं ठोक्यांनीं तांबें कठीण होतें. मठाराच्या शेवटच्या ठोक्यांनंतर ताव देत नाहींत, म्हणून तो कठीणपणा पत्र्यांत राहतो. अशा रीतीनें पातळ पत्राही ताठ होतो आणि वाऱ्याला दाद देत नाहीं. याचा अर्थ असा, कीं हात जेथें अधिक राबतो तेथें धातु कमी लागते. श्रम धातूची जागा घेतात. ही गोष्ट कृपा करून ध्यानांत ठेवा, कारण आपल्या जुन्या हिशेबांतली चूक येथेंच आहे.

एक साधें गणित करूं. तांब्याचा एक मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतला तर एका चौरस फुटाचें वजन सुमारें ८३० ग्रॅम भरतें. कळसाचा घट एक फूट व्यासाचा गोल धरला तर त्याचें अंग सुमारें सवातीन चौरस फुटांहून थोडें कमी, आणि तांबें सुमारें २ किलो ६०० ग्रॅम. आतां गांवचे पंच म्हणतात, "आमचें देऊळ मोठें आहे, घट दोन फुटांचा करा, दुप्पट पैसे देऊं." दोन फुटांच्या घटाला त्याच जाडीचें तांबें दुप्पट लागत नाहीं, चौपट लागतें, म्हणजे जवळ जवळ साडेदहा किलो. आकार मोठा झाल्यावर तोच पत्रा पुरा पडत नाहीं असें ठरवून दीड मिलिमीटरचा घेतला, तर वजन सहापट होऊन पावणेसोळा किलोंच्या आसपास जातें. शिवाय चौरस पत्र्यांतून गोल कापतांना पांचव्या हिश्शाहून अधिक पत्रा कात्रणांत जातो. तें कात्रण कोणाचें, हा प्रश्न आधीं विचारला नाहीं तर शेवटीं भांडणाचा होतो. गणित न करतां दिलेला शब्द येथें कारागिराला तरी बुडवितो, नाहीं तर देवस्थानाला तरी.

आतां हाच दोन फुटांचा घट दोन कारागिरांकडे द्या. पहिला दीड मिलिमीटरचा पत्रा घेतो, थोडक्या ठोक्यांत आकार आणतो आणि पावणेसोळा किलोंचा घट पुढें ठेवतो. दुसरा एक मिलिमीटरचाच पत्रा घेतो, अधिक ताव देतो, दाट मठार करतो आणि साडेदहा किलोंत तेवढाच ताठ घट तयार करतो. घडणावळ जर किलोमागें ठरलेली असेल, तर कमी राबलेल्या पहिल्याला दीडपट मजुरी मिळते, आणि अधिक राबून धातु वांचविणाऱ्या दुसऱ्याला कमी. तराजू खोटा नाहीं, भाव खोटा नाहीं, गुणाकारही खोटा नाहीं. तरी निवाडा अन्यायाचा झाला. असा हिशेब दोन-चार पिढ्या चालला तर कोणता कारागीर टिकेल आणि कोणता हात आखडता घेईल, हें सांगावयास ज्योतिषी नको.

तथापि जुन्या लोकांना दोष देण्यापूर्वीं दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वजनावर घडणावळ ठरविण्यांत गिऱ्हाइकाचें संरक्षण होतें. घागर विकत घेणाऱ्या बाईला मठार दाट कीं विरळ, ताव बरोबर कीं चुकीचा, हें कळणें कठीण; पण तराजूची जीभ तिला वाचतां येते. शिवाय घागर अखेरीस मोडींत जावयाची असते, आणि मोडींत वजनालाच किंमत. पत्रा जाड असला म्हणजे नेहमीं लबाडीच असते असेंही नाहीं. गारा पडतात, वानरें कळसाला लोंबकळतात. पातळपणालाही मर्यादा आहे. माझें म्हणणें एवढेंच, कीं जी रीति घागरीला योग्य होती ती कळसाला लावण्यांत चूक झाली. कळस मोडींत जाण्यासाठीं घडवीत नाहींत. तो एकदां वर चढला कीं कोणी त्याचें वजन पुन्हां करीत नाहीं. त्याच्या बाबतींत धातु ही ठेव नव्हे. जें काय टिकावयाचें आहे तें घडणावळींतच आहे.

या संबंधांत साऱ्या जगाला ठाऊक असलेलें एक उदाहरण सांगतों. न्यूयॉर्कच्या बंदरांत १८८६ सालीं स्वातंत्र्यदेवतेचा जो प्रचंड पुतळा उभा राहिला तो तांब्याच्या पत्र्याचा आहे. पॅरिसच्या कारखान्यांत लांकडी सांच्यांवर पत्रे हातोड्यांनीं ठोकून त्याचे भाग घडविले. तो पुतळा दीडशे फुटांहून उंच, आणि त्याचा पत्रा किती जाड? सुमारें २.४ मिलिमीटर! समुद्राच्या वाऱ्यांत तांब्यावर हिरवी पुटें चढली आणि त्या पुटांनींच तांब्याचें रक्षण केलें. खराब झाला तो आंतला लोखंडी सांगाडा. तांबें आणि लोखंड ओलाव्यांत एकमेकांना लागून राहिलीं तर लोखंड झपाट्यानें खचतें. तेथें मधला अडसर झिजला आणि लोखंड गंजून फुगलें. १९८४ ते १९८६ या काळांत त्या पट्ट्या काढून गंज न चढणाऱ्या पोलादाच्या बसवाव्या लागल्या. आपल्या कळसाच्या पोटांतही उभा दांडा असतो. वरच्या तांब्याचा शेर-छटाकांत हिशेब करणारे पुष्कळ भेटतात. आंतला दांडा कशाचा आहे आणि त्याच्या व तांब्याच्या मध्यें काय घातलें आहे, हें विचारणारा क्वचित् भेटतो.

विसाव्या शतकांत या धंद्यावर एकामागून एक आघात झाले. प्रथम अल्युमिनियम आलें, मग गंजरहित पोलाद आलें; घरांतून घागर आणि बंब गेले, कल्हईवाल्याची हांक गेली. १९५६ च्या कायद्यानें शेर आणि तोळा जाऊन किलो आणि ग्रॅम आले. हिशेबाचीं मापें बदललीं, पण हिशेबाची रीति बदलली नाहीं. किलोमागें भाव, किलोमागें मजुरी. कळसांतही यंत्र शिरलें. फिरत्या सांच्यावर पत्रा दाबून घटाचा गोल घटकाभरांत निघतो. तो गुळगुळीत असतो, स्वस्त असतो, आणि पुष्कळ ठिकाणीं तो पुरेसाही असतो. परंतु त्याचें माप सांच्याचें असतें, शिखराचें नसतें. पुण्याच्या तांबट आळींत पूर्वीं सकाळपासून ठोक्यांचा जो गजर चाले तो आज थोड्याच घरांतून ऐकूं येतो. तेथील कांहीं कारागिरांनीं दिवे, ताटें, शोभेचीं पात्रें असें नवें काम हातीं घेऊन हातोडा चालूं ठेवला आहे, आणि विशेष हें, कीं या नव्या कामाची किंमत ते वजनावर न सांगतां नगावर सांगतात. ज्यानें घागरीला किलोमागें मजुरी घेतली त्याच हातानें दिव्याला दिव्याची मजुरी घ्यावी, हा मला त्या आळीच्या इतिहासांतील मोठा पालट वाटतो.

मग कळस करवून घेणाऱ्या पंचांनीं काय करावें? माझी सूचना साधी आहे. अंदाजपत्रक एका ओळीचें घेऊं नये. चार ओळींचें घ्यावें. पहिली ओळ तांब्याची : पत्र्याची जाडी किती, वजन किती, त्या दिवशींचा भाव काय, आणि कात्रण कोणी घ्यावयाचें. दुसरी ओळ हाताची : किती माणसें, किती दिवस, रोज काय, किंवा उक्तें ठरवावयाचें असेल तर उक्तें, पण वजनाशीं न जोडतां. तिसरी ओळ न दिसणाऱ्या वस्तूंची : आंतला दांडा, डाक, तांबें आणि लोखंड यांच्यामधला अडसर. चौथी ओळ वर चढविण्याची : पहाड बांधणें, दोर, माणसें आणि जोखीम. चार ओळी निराळ्या लिहिल्या म्हणजे तांब्याचा भाव चढला तरी कारागिराच्या रोजाला कात्री लागत नाहीं, आणि भाव उतरला तर देवस्थानाला त्याचा लाभ मिळतो. तराजू मोडावयाचा नाहीं. त्याला त्याच्या एका ओळींत बसवावयाचें आहे.

कळस चढविण्याच्या दिवशीं गांवांत मिरवणूक निघते. त्या दिवशीं लोक कळसाला जवळून पाहतात, हात लावतात, हळदकुंकू वाहतात. देणगीदाराचें नांव त्यावर कोरलेलें असतें. घडविणाराचें सहसा नसतें. दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हां इतक्या जवळून कोणाला दिसत नाहीं. पाठीमागच्या बाजूचा मठार दाट होता कीं विरळ, सांधा नीट जुळला होता कीं डाकेनें बुजविला होता, हें त्यानंतर पाऊसच तेवढा तपासतो. जें कोणी पाहणार नाहीं तें चांगलें करण्याचे पैसे माणसाला कोणत्या हिशेबानें द्यावयाचे, हा प्रश्न केवळ तांबटाच्या धंद्यापुरता नाहीं. पण तांबटाच्या धंद्यांत तो फार स्वच्छ दिसतो.

उन्हाळ्याच्या दुपारीं आपल्या शहरांतल्या वडा-पिंपळावरून एका लहान हिरव्या पक्ष्याचा टुक् टुक् असा एकसारखा आवाज येतो. आपल्या पूर्वजांनीं त्याचें नांव तांबट ठेवलें, कारण तो आवाज त्यांच्या कानांना ओळखीचा होता. आळींतला हातोडा त्यांनीं रोज ऐकला होता. आज पुष्कळ घरांतील मुलांना पक्षी ठाऊक आहे आणि ज्याच्यावरून त्याला नांव मिळालें तो कारागीर ठाऊक नाहीं.

पुढच्या मार्गशीर्षांत आपल्यापैकीं कोणी सारंगखेड्याच्या यात्रेला गेलें, तर घोड्यांचा बाजार अवश्य पाहावा. रुमालाखालचा सौदा दिसला तर तोही पाहावा. त्यांत एक मौज आहे. नंतर भांड्यांच्या दुकानाशीं थोडें थांबावें. घागर तराजूंत पडेल, वजन सांगितलें जाईल. त्या वेळीं दुकानदाराला एवढेंच विचारावें : यांत तांब्याचे किती आणि हाताचे किती? हा प्रश्न शंभर गिऱ्हाइकांनीं विचारला, तर शंभराव्याच्या आधींच कोणी तरी त्याचें उत्तर कागदावर निराळें लिहूं लागेल.